‘मावाशी गेरी’त मावशी नाही : कराटेचे जपानी शब्द समजून घेऊया

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



शाळेत कराटेचा वर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच घराघरात एक नवी भाषा येते. मुलगी अंगणात पाय फाकवून उभी राहते आणि ‘इची, नी, सान, शी’ म्हणत हवेत ठोसे मारते. आजी विचारते, “हे कसले मंत्र गं?” शेजारीण म्हणते, “शिकवायचंच तर मराठीत शिकवावं. ठोसा म्हणावं, लाथ म्हणावं.” वडील म्हणतात, “परदेशी शब्द आहेत म्हणून फीसुद्धा तशीच लावतील.”

मी मुंबईत लालबाग, परळ, दादर या भागात बचत गटांचं काम बघते. आमच्या गटांतल्या बायकांच्या मुली शाळेच्या हॉलमध्ये, मंडळाच्या खोलीत, मैदानाच्या कडेला कराटे शिकतात. त्यांच्या आयांनाही हेच प्रश्न पडतात. आता तर समग्र शिक्षा अभियानात ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ या नावाने सरकारी शाळांतल्या मुलींनाही तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. म्हणजे हा विषय केवळ शहराचा राहिलेला नाही. म्हणून आज आपण हे शब्द समजून घेऊ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जपानी शब्द राहू द्यावेत, त्यांत वाईट काही नाही. पण ज्याचा अर्थ कळत नाही असा एकही शब्द मुलीच्या तोंडी राहू नये. आणि दोन शब्द तर असे आहेत की ते नीट कळले नाहीत तर मुलीला इजा होऊ शकते. ते कोणते, ते ओघात येईलच.

हे शब्द आले कुठून?

कराटे हा मूळचा ओकिनावा बेटांचा. ही बेटं जपानच्या दक्षिणेला आहेत. तिथे या विद्येला नुसतं ‘ते’ म्हणायचे. ‘ते’ म्हणजे हात. पुढे ‘कारा-ते’ असं म्हणू लागले, तेव्हा त्यातल्या ‘कारा’चा अर्थ ‘चीनचा’ असा होता. १९२२ साली गिचिन फुनाकोशी नावाच्या शिक्षकांनी टोकियोत या विद्येचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि ती जपानभर पसरायला लागली. मग ‘कारा’ हा उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं. नव्या अक्षराचा अर्थ ‘रिकामा’. १९३६ साली ओकिनावातल्या जाणत्या शिक्षकांनीही एकत्र बसून हेच नाव मान्य केलं. तेव्हापासून कराटे म्हणजे रिकामा हात, म्हणजे ज्या हातात शस्त्र नाही तो हात.

फुनाकोशींनी आणखी एक गोष्ट केली. कराटेत ठरावीक हालचालींचे संच असतात, त्यांना ‘काता’ म्हणतात. त्यांची जुनी नावं ओकिनावी आणि चिनी वळणाची होती. टोकियोच्या मुलांना ती कळत नव्हती. फुनाकोशींनी ती बदलली. ‘पिनान’चं ‘हेइआन’ केलं, ‘नाइहांची’चं ‘तेक्की’ केलं. म्हणजे बघा, ज्यांनी कराटे वाढवला त्यांनीच शिकणाऱ्याला समजावं म्हणून शब्द बदलले. हे शब्द दगडावर कोरलेले नाहीत. ते माणसांनी माणसांसाठी केले आहेत.

मुंबईत गिरगावापासून लालबागपर्यंत व्यायामशाळा आणि आखाडे फार जुने. जोर, बैठका, मल्लखांब, लेझीम, लाठी, दांडपट्टा ही तिथली भाषा. त्या भाषेशेजारी कराटेची भाषा आली ती १९७०च्या दशकात. परवेझ मिस्त्री यांच्यासारख्या शिक्षकांनी मुंबईत कराटे रुजवला. त्याच काळात ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ हा १९७३चा सिनेमा गाजला आणि पोरं गल्लीबोळांत हात चालवायला लागली. ब्रूस लीची विद्या चिनी कुंग फूची होती, पण लोकांनी सगळ्याला सरसकट कराटेच म्हटलं.

मग मराठीत का नाही?

याचं उत्तर दादरच्या शिवाजी पार्कवर सापडतं. तिथे सकाळी पोरं क्रिकेट खेळत असतात. पंच ओरडतो ‘नो बॉल’, ‘वाइड’, ‘ओव्हर’. त्याचं भाषांतर कुणी मागत नाही. आणि तोच सामना रेडिओवर ऐकताना आपण काय ऐकलं? फलंदाज, गोलंदाज, षटक, धावा, यष्टिरक्षक. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी हे शब्द घराघरात नेले. मैदानावर इंग्रजी आणि समजावताना मराठी, असे दोन्ही शब्द सुखाने नांदले. कराटेलाही हीच रीत लावता येते. हुकूम जपानीत, समजावणं मराठीत.

हुकूम जपानीत ठेवण्याचा फायदा काय? आपली मुलगी उद्या जिल्ह्याला, राज्याला किंवा परराज्यात स्पर्धेला गेली तर पंच ‘हाजिमे’ म्हणतील. हाजिमे म्हणजे सुरू करा. नागपूर असो की केरळ असो की स्पेन, शब्द तोच. ऑलिंपिकमध्ये कराटे एकदाच झाला, तोक्यो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली. त्यात महिलांच्या काताचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी जिंकलं. तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या! स्पेनची भाषा वेगळी, जपानची वेगळी. पण काता सुरू करण्याआधी खेळाडूने काताचं नाव मोठ्याने सांगायचं असतं, आणि ते त्यांनी जपानी बायकांसमोर तसंच सांगितलं. ‘आता या वयात कसलं शिकायचं’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हे वय लक्षात ठेवावं.

आपले शब्दही असेच बाहेर जातात. कबड्डी १९९० पासून आशियाई खेळांत आहे. २०१० साली जपानच्या पुरुष संघाने त्यात कांस्यपदक मिळवलं. चढाईला जाणारा जपानी खेळाडू एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ असंच म्हणतो. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात परदेशातून माणसं मल्लखांब शिकायला येतात, आणि २०१९ साली मल्लखांबाची जागतिक स्पर्धाही शिवाजी पार्कवरच झाली. त्या पाहुण्यांच्या तोंडीही ‘मल्लखांब’ हाच शब्द. आपला शब्द त्यांनी घेतला, त्यांचा आपण घेतला. यात कुणी लहान होत नाही.

हे मंत्र आहेत का?

हा प्रश्न सगळ्या धर्मांच्या आया विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. हे मंत्र नाहीत. ‘इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, कू, जू’ हे एक ते दहा अंक आहेत, बस्स. वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘रे’ म्हणून वाकतात. रे म्हणजे आदर दाखवणं. ‘सेन्सेई नी रे’ म्हणजे शिक्षकांना नमस्कार, ‘ओतागाई नी रे’ म्हणजे एकमेकींना नमस्कार. आखाड्यात उतरताना पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो, तशीच ही रीत.

दोन शब्दांचं मूळ मात्र आपल्याकडचं आहे. ज्या जागी कराटे शिकतात तिला ‘डोजो’ म्हणतात. बुद्धाला जिथे ज्ञान झालं त्या जागेला संस्कृतात ‘बोधिमंड’ म्हणतात. चिनी भाषेत त्याचं जे भाषांतर झालं तोच शब्द जपानीत डोजो झाला. आणि ‘झेन’ हा शब्द ऐकला असेल. संस्कृतात ध्यान, पालीत झान, चिनी भाषेत चान, जपानीत झेन. आपल्याकडून गेलेला शब्द जग फिरून परत आला.

‘सेन्सेई’ म्हणजे अक्षरशः आधी जन्मलेला, थोडक्यात आपल्याहून जाणता. जपानमध्ये शाळेतल्या बाईंनाही सेन्सेई म्हणतात आणि डॉक्टरांनाही. तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. कुणी स्वतःची ओळख ‘मी सेन्सेई’ अशी करून देत नाही.

कानाला फसवणारे शब्द

आता जरा गमतीचा भाग. पण त्यातच खरी मेख आहे.

‘त्सुकी’ म्हणजे ठोसा. आपण ‘चूक’ म्हणताना जो च काढतो, तोच हा उच्चार. इतर भाषांच्या लोकांना तो अवघड जातो, मराठी जिभेला सोपा. पण त्यामुळे आपल्या पोरींना ऐकू येतं ‘चुकी’! सर म्हणतात ‘त्सुकी’, आणि नवी मुलगी म्हणते, “माझी काय चुकी?”

‘मावाशी गेरी’ ऐकून तर हशा पिकतो. त्यात मावशी कुठेही नाही. मावाशी म्हणजे गोल फिरवलेली, गेरी म्हणजे लाथ. पाय बाजूने गोल फिरवून मारायची लाथ. सर ‘मावात्ते’ म्हणतात तेव्हा वळायचं असतं. शब्द एकाच मुळाचा. एक कळला की दुसरा आपोआप कळतो.

‘आगे उके’ हा जास्त फसवा. मुंबईत अर्धं बोलणं हिंदीत चालतं. ‘आगे’ ऐकलं की मुलगी हात पुढे करते. जपानी ‘आगे’चा अर्थ आहे वर उचलणं. हात कपाळाच्या वर न्यायचा असतो. हात पुढे गेला तर तोंड उघडं पडलं.

आणि पाचचा अंक ‘गो’. लालबाग-परळात कोकणातली घरं पुष्कळ. ‘काय गो, जेवलंस?’ असं ऐकत वाढलेल्या मुलींना पाचव्या ठोशाला कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं.

हसू द्या मुलींना. हसत शिकलेला शब्द विसरत नाही. फक्त हसून झाल्यावर अर्थ सांगायला हवा.

एक बारकावा सांगते. लाथेला एकदा ‘केरी’ म्हणतात, एकदा ‘गेरी’. ठोशाला एकदा ‘त्सुकी’, एकदा ‘झुकी’. उभं राहण्याच्या पद्धतीला ‘ताची’, पण ‘किबा-दाची’त ‘दाची’. सर चुकत नाहीत. दोन शब्द जोडले की जपानीत मधलं अक्षर मऊ होतं. आपण दिक् आणि अंबर जोडून दिगंबर म्हणतो, क चा ग होतो, काहीसं तसंच.

अर्थ कळला की हात बदलतो

‘उके’ हा शब्द घ्या. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ ‘अडवणे’, ‘ब्लॉक’ असा सांगतात. मग मुलगी काय करते? हात ताठ करून आडवा धरते आणि येणारा फटका हाडावर घेते. हात दुखतो, निळा पडतो. मूळ जपानी शब्दाचा अर्थ आहे ‘स्वीकारणे, घेणे’. आलेला जोर अंगावर न घेता हातावर घ्यायचा आणि वळवून द्यायचा.

हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. दुसरीच्या डोक्यावरचा भरलेला हंडा उतरवून घेताना आपण हात ताठ धरतो का? भार हातात येतो तसे हात खाली नेत आपण तो घेतो. उके म्हणजे हेच. ‘गेदान बाराई’तलं बाराई म्हणजे झाडणं. केरसुणीने केर बाजूला सारतो तसा, खालून आलेला मार हाताने बाजूला झाडायचा. आईने घरी एवढं सांगितलं तरी मुलीचा हात सुधारतो, आईने कधी कराटे केला नसला तरी.

म्हणून म्हणते, अर्थ ही शोभेची गोष्ट नाही. आपल्याला गटात हा अनुभव आहेच. ‘सीआयएफ’, ‘कोरम’, ‘फिरता निधी’ हे शब्द पहिल्या वर्षी आपण नुसते पाठ म्हणायचो. अर्थ कळला तेव्हा बँकेत जाऊन प्रश्न विचारायला लागलो.

जपून वापरायचे दोन शब्द

पहिला शब्द ‘यामे’. यामे म्हणजे थांबा. दोघी समोरासमोर सराव करत असतात, शिक्षक ‘यामे’ म्हणतात, आणि दोघींनी तिथल्या तिथे थांबायचं असतं. एका वर्गात काय झालं, ऐका. एक मुलगी जुनी, दुसरी चार दिवसांपूर्वी आलेली. ‘यामे’ ऐकताच जुनीने हात खाली सोडले. नवीला शब्द माहीत नव्हता, तिचा ठोसा सुटला तो जुनीच्या ओठावर. शब्द जिला ठाऊक होता तिलाच लागलं, कारण तिने विश्वासाने हात सोडले होते. म्हणून पहिल्या दिवशी, पहिल्या ठोशाच्याही आधी, नव्या मुलीला ‘यामे’ आणि ‘थांबा’ हे दोन्ही शब्द आले पाहिजेत. शिक्षकांनी पहिले काही दिवस दोन्ही एकापाठोपाठ उच्चारावेत. यात कराटेचं काहीच बिघडत नाही.

दुसरा शब्द ‘ओस’. काही वर्गांत प्रत्येक गोष्टीला मुलींनी ‘ओस’ म्हणायचं असतं. ‘हो’, ‘समजलं’, ‘नमस्कार’, सगळ्याला एकच ‘ओस’. जपानमध्ये हा शब्द रांगडा, पुरुषी बोलीतला मानतात आणि सगळ्या डोजोंत तो चालतही नाही. शिस्तीसाठी म्हणायचा तर म्हणू द्या. पण मैत्रिणींनो, मुलीला आपण कराटेला कशासाठी घालतो? वेळ आली तर तिला ‘नाही’ म्हणता यावं म्हणून. ज्या वर्गात तिला होकाराचा जपानी शब्द येतो पण नकाराचा कुठलाच शब्द नाही, तिथे तिचं निम्मं शिकणं राहिलं. “सर, दुखतंय”, “मॅडम, मला हे करायचं नाही”, “इथे हात लावू नका” ही वाक्यं तिला आपल्या भाषेत, मोठ्याने आणि न घाबरता म्हणता आली पाहिजेत. शिक्षकांसमोरसुद्धा. चांगले शिक्षक हे स्वतःच शिकवतात. वर्गात काही वावगं घडलं तर मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, हे मुलीलाही माहीत असू द्या.

आणखी एक. ठोसा मारताना मुली मोठ्याने ओरडतात त्याला ‘किआई’ म्हणतात. त्याने श्वास आणि जोर एकत्र येतो. पण रस्त्यात, शेताच्या वाटेवर, एसटी स्टँडवर प्रसंग आला तर नुसती किआई ऐकून लोकांना वाटेल पोरं खेळतायत. तिथे ‘सोड मला’, ‘वाचवा’, ‘हा माणूस माझा कुणी नाही’ असं मराठीतच ओरडायचं. आणि ११२ लावायचा. प्रतिकार करता येतो म्हणून पळायचं नाही असंही नाही. निसटून जाता आलं तर तोच विजय.

पट्ट्यांचं थोडक्यात

कमरेच्या पट्ट्याला ‘ओबी’ म्हणतात. काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या ‘क्यू’. त्या उलट्या मोजतात, मोठ्या आकड्याकडून एककडे. रंगांचा क्रम प्रत्येक शैलीत वेगळा. काळा पट्टा मिळाला की पहिली पायरी ‘शोदान’. यातल्या ‘शो’चा अर्थ आहे सुरुवात. म्हणजे काळा पट्टा हा शेवट नव्हे, तिथून खरं शिकणं सुरू होतं. त्यामुळे चार-सहा महिन्यांत काळा पट्टा देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी चौकशी करा. प्रत्येक पट्ट्याच्या परीक्षेची फी किती, वर्षाला किती परीक्षा, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. शब्द जपानी असले तरी पावती मराठीत मिळू शकते.

गटाने काय करावं?

पहिलं, शिक्षकांना विनंती करून वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावून घ्या. तीन रकाने : शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि अंगाने काय करायचं. सुरुवातीला वीस शब्द पुरेत. ‘योई’ म्हणजे तयार, ‘हाजिमे’ सुरू, ‘यामे’ थांबा. ‘हिदारी’ डावा, ‘मिगी’ उजवा. ‘जोदान’ म्हणजे वर, चेहऱ्याच्या उंचीवर, ‘चुदान’ मध्ये, छाती-पोटाशी, ‘गेदान’ कमरेखाली. ‘माए गेरी’ पुढची लाथ, ‘योको गेरी’ बाजूची लाथ. एवढ्यावर मुलगी अर्धा वर्ग समजते.

दुसरं, मुलगी दुसऱ्या क्लासला गेली तर नव्या शिक्षकांना अर्थ पुन्हा विचारायला सांगा. ‘सोतो उके’ आणि ‘उची उके’ ही नावं काही शैलींत नेमकी उलट वापरतात. एकीकडे हात बाहेरून आत येतो, दुसरीकडे आतून बाहेर जातो. तेव्हा ‘आधीच्या सरांनी चुकीचं शिकवलं’ असं लगेच म्हणू नये.

तिसरं, शब्द चुकला म्हणून मुलीला हसणं किंवा शिक्षा म्हणून बैठका काढायला लावणं होत असेल तर शिक्षकांशी शांतपणे बोला. हालचाल बरोबर आणि शब्द चुकला तर शब्द दुरुस्त करता येतो. पण लाजून वर्ग सोडलेली मुलगी परत आणणं अवघड असतं. आमच्याकडे मुली गळतात त्या मार लागला म्हणून कमी आणि हसं झालं म्हणून जास्त.

चौथं, पुढच्या मासिक बैठकीत वसुली आणि हिशेब झाला की दहा मिनिटं मुलींना द्या. प्रत्येकीने पाच शब्द आपल्याला शिकवायचे. शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा, करून दाखवायचं. ज्या शब्दाचा अर्थ तिला सांगता येणार नाही तो वहीत लिहा आणि शिक्षकांना विचारायला लावा. आपणही उभं राहून ‘इची, नी, सान’ म्हणायला हरकत नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी बसून हात चालवावेत. आणि सगळ्या मिळून एकदा ‘यामे’ म्हणा आणि एकदा ‘थांब!’ म्हणा. दोन्ही शब्दांचा आवाज सारखाच मोठा आला पाहिजे.

आज एवढंच. तुमच्या गटातल्या मुलींना कुठला शब्द अडला, कुठल्या शब्दाला हसू आलं, ते रेडिओ केंद्राला नक्की कळवा.

नमस्कार.